पाथ कुठे लिहावा: प्रोफाइलमध्ये की बॅशआरसीत?

रत्नागिरीहून (धागाकर्ता):
भावाच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब जुळवणारी एक स्क्रिप्ट मी घरच्या उबंटू लिनक्सवर लिहिली आहे. टर्मिनलमध्ये ती बिनतक्रार चालते, परंतु पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालवली की आज्ञाच सापडत नाही, कारण पाथ, म्हणजे आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, मी डॉट बॅशआरसीत लिहिला होता; बॅश हा शेल, म्हणजे आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम, टर्मिनलची खिडकी उघडताना ही फाइल वाचतो. यावरून माझे मत असे झाले आहे की पाथ, एडिटर यांसारखी एक्स्पोर्ट करायची व्हेरिएबले लॉगिनला वाचल्या जाणाऱ्या डॉट प्रोफाइलमध्ये असावीत आणि अलायस (आज्ञांची टोपणनावे), प्रॉम्प्ट, फंक्शन एवढेच बॅशआरसीत असावे. लॉगिन शेल हा ओटीवरून आत येणारा माणूस, तर टर्मिनलची नवी खिडकी म्हणजे मागीलदाराने थेट स्वयंपाकघरात शिरणारा. दोघांची वाट वेगळी असेल, तर दोघांसाठीच्या फाइली वेगळ्या का नसाव्यात?

मालवणहून:
आपले उदाहरण आपल्याच मताविरुद्ध जाते. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही हे खरे, पण तो डॉट प्रोफाइलही वाचत नाही, त्यामुळे ती ओळ हलवूनही पहाटेचा हिशेब अडलेलाच राहील. पाथ क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या, माथ्यावरच लिहावा लागतो.
माझे मत असे की सगळे बॅशआरसीत ठेवावे आणि लॉगिनच्या फाइलीत तिला बोलावणारी एकच ओळ असावी. उबंटूच्या मूळ डॉट प्रोफाइलमध्ये ती असतेच. लॉगिनच्या वेळी बॅश प्रथम एटीसी-प्रोफाइल ही साऱ्या संगणकासाठीची फाइल वाचतो, मग घरच्या फोल्डरात बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि प्रोफाइल या क्रमाने पाहत जातो, आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. माझ्या संगणकावर एका प्रोग्रामच्या इन्स्टॉलरने न विचारता बॅश-प्रोफाइल तयार केली, आणि त्या दिवसापासून माझी प्रोफाइल कोणतीही चूक न दाखवता मुकी झाली. ती ओळ कोणत्या फाइलीत शोधायची, यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

रत्नागिरीहून:
क्रॉनबाबत माझी चूक मान्य आहे. मूळ मुद्दा मात्र तसाच राहतो, कारण एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबले त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामकडे वारशाने जातात आणि अलायस जात नाहीत. ती लॉगिनला एकदाच ठरली की पुरते. उलट पाथ वाढवणारी ओळ बॅशआरसीत असेल, तर शेलमधून शेल उघडताना दरवेळी तीच जोड पुन्हा चिकटते, आणि डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून सुरू केलेल्या प्रोग्रामला तो पाथ मिळतच नाही.

वेंगुर्ल्याहून:
मालवणकरांच्या तोडग्यात एक खाच आहे. डेबियन-उबंटूतल्या बॅशला दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने नुसती एक आज्ञा देऊन बोलावले, तर इंटरॅक्टिव्ह (समोर बसून आज्ञा टाइप करण्याजोगा) नसतानाही तो बॅशआरसी वाचतो. मी तिथे स्वागताचा संदेश छापला होता, आणि फाइली पाठवणाऱ्या आरसिंकला तो आपल्या संवादाचाच भाग वाटून फाइली जाईनात. 'शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा' ही या वितरणांच्या बॅशआरसीतली सुरुवातीची ओळ त्याचसाठी असते. पण तिच्याखाली लिहिलेला पाथ मग त्या आज्ञेपर्यंत पोहोचत नाही.

मालवणहून:
मग पाथ त्या ओळीच्या वर लिहावा, आणि तो आधीच जोडलेला आहे का हे तपासून लिहावा, म्हणजे रत्नागिरीकरांची पुनरुक्तीही टळेल. डॉट प्रोफाइलची प्रथा 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधल्या बोर्न शेलची आहे. तेव्हा माणूस टर्मिनलपुढे बसून एकदा लॉगिन करी, आजच्यासारख्या दहा खिडक्या उघडत नसे. आज उबंटूची टर्मिनल खिडकी लॉगिन नसलेला साधा शेल उघडते आणि मॅकची लॉगिन शेल. अशा वेळी फाइलींची ती जुनी विभागणी दोन्हीकडे सारखी कशी लागू पडेल?

वेंगुर्ल्याहून:
मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांचा शेल बॅश नसून झेडशेल आहे, आणि त्यात ही विभागणी पुष्कळ स्वच्छ आहे: झेडएसएचईएनव्ही प्रत्येक वेळी, झेडप्रोफाइल लॉगिनला, झेडएसएचआरसी इंटरॅक्टिव्ह असताना. तरीही पाथ झेडएसएचईएनव्हीत लिहिला, तर मॅकची एटीसीतली झेडप्रोफाइल नंतर येऊन त्याचा क्रम बदलते, म्हणून तिथे पाथपुरता मी रत्नागिरीकरांच्या बाजूने आहे आणि तो घरच्या झेडप्रोफाइलमध्येच लिहितो.

रत्नागिरीहून:
क्रॉनटॅबमध्ये पाथ लिहिला आहे. घरच्या उबंटूवर मात्र तो डॉट प्रोफाइलमध्येच राहील, कारण चिन्हावरून उघडणाऱ्या एडिटरला तो हवा आहे, आणि तो एडिटर मालवणकरांची बॅशआरसी कधीच वाचणार नाही.