एमएस-सीआयटीनंतर एक्सेलचा ऑनलाइन कोर्स

एमएस-सीआयटी झालंय, आता कॉलेजच्या ऑनलाइन इंटरमिजिएट एक्सेल कोर्सला पैसे घालावेत का, असं एकाने विचारलंय. मी गेल्या वर्षी असाच एक केला. नुसते व्हिडिओ बघून काही हाती लागत नाही, हात बसतो तो गृहपाठात.

माझं घोडं व्हीलुकअपवर (यादीत एखादी नोंद शोधून तिच्यासमोरची माहिती आणणारं सूत्र) अडलं. दरांच्या यादीतून भलतेच भाव यायचे, आणि एरर मात्र एकही नाही! दोन संध्याकाळी वाया गेल्यावर कळलं की सूत्रातला चौथा भाग मी लिहीतच नव्हतो. तो गाळला की एक्सेल जवळपासची नोंद शोधतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर काहीही पुढ्यात टाकतं. तिथे फॉल्स (म्हणजे तंतोतंत जुळणारीच नोंद शोध) लिहिलं, प्रश्न मिटला.

पिव्हट टेबलमुळे (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढून देणारी सोय) महिन्याचा अहवाल आता दहा मिनिटांत होतो. पूर्वी अख्खी दुपार जायची (साहेबांची बोलणी वेगळी).

एक मात्र बघून घ्या, कोर्समध्ये एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा भाऊ) शिकवत असतील आणि ऑफिसात एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल, तर ते तिथे चालणार नाही. आणि पैसे भरायच्या आधी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल चाळा. लिबरऑफिस कॅल्कचे (एक्सेलसारखंच मोफत सॉफ्टवेअर) धडे मराठीत आहेत, तेही फुकट.