लेकीला एक्सरसाईज फिजिऑलॉजीला जायचंय: शिक्षण आणि नोकरीबद्दल माहिती हवी

टार्नीटची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला राहतो. मुलगी यंदा बारावीला आहे. विद्यापीठासाठी कोर्सचे प्रेफरन्स भरायची वेळ जवळ आली आणि तिने पहिल्या तिन्ही जागी व्यायामशास्त्राचे कोर्स लिहिलेत. तिला आजारी माणसांना व्यायामातून बरं करायचं आहे. सांगलीला माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा ती महिनाभर त्यांच्याजवळ होती. त्यांना रोज थोडं थोडं जास्त चालवण्यात तिचा जीव रमला होता, आणि तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

घरच्यांचं म्हणणं, फिजिओच कर, त्याला मान आहे. दीर म्हणतात की चार वर्षं शिकून शेवटी जिममध्येच उभं राहायचं. मला तिचं मन मोडायचं नाही, पण डोळे झाकून होही म्हणायचं नाही. यात नक्की काय शिकवतात? फिजिओपेक्षा वेगळं काय? नोकऱ्या खरोखर मिळतात का? यातलं कोणी असेल तर मोकळेपणाने सांगा.

कराडची_ब्रिस्बेनला

ताई, मी याच कामात आहे. मूळची कराडची, शिक्षण क्वीन्सलंडमध्ये झालं. आता आठवड्यातले काही दिवस रुग्णालयाच्या हृदय पुनर्वसन विभागात असते आणि बाकीचे खासगी क्लिनिकमध्ये. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी कोर्सचं नाव तपासा. पैसे आणि वर्षं तिथेच वाया जातात. आपल्याकडे या क्षेत्राची मान्यता ‘एक्सरसाईज अँड स्पोर्ट्स सायन्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था देते, सगळे तिला ‘एसा’ म्हणतात. तीन वर्षांची एक्सरसाईज सायन्सची पदवी घेतली की मान्यता मिळते ती एक्सरसाईज सायंटिस्टची. निरोगी माणसांसोबत, खेळाडूंसोबत काम करायला ती चांगली आहे, पण त्यावर मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्रोव्हायडर नंबर मिळत नाही. रुग्णांवर उपचार म्हणून व्यायाम द्यायचा असेल तर अॅक्रेडिटेड एक्सरसाईज फिजिऑलॉजिस्ट व्हावं लागतं. त्यासाठी एक तर सलग चार वर्षांची पदवी, जशी सिडनीत न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाची आहे, नाही तर तीन वर्षांची पदवी आणि वर मास्टर्स, जसं तुमच्या मेलबर्नमध्ये डीकिनला आहे. माहितीपत्रकावर दोन्ही कोर्सच्या मुलांचे फोटो सारखेच दिसतात. एसाच्या संकेतस्थळावर मान्य कोर्सची यादी आहे. तिने लिहिलेले तिन्ही कोर्स त्या यादीत कोणत्या रकान्यात आहेत ते आजच बघा.

आता दिरांच्या मुद्द्याबद्दल. जिममध्ये शिकवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण हे काम निराळं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच आजार नसतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, सोबत मधुमेह, गुडघे झिजलेले, आणि दिवसाला सात-आठ गोळ्या. त्याला किती जोराचा, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा व्यायाम द्यायचा, हे औषधाच्या डोससारखं ठरवावं लागतं. कमी दिला तर गुण येत नाही, जास्त दिला तर इजा होते. अभ्यासक्रम सगळा त्या डोसभोवती फिरतो.

एक उदाहरण देते. ‘२२० वजा वय’ हे नाडीच्या ठोक्यांचं सूत्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण रुग्ण बीटा ब्लॉकरची गोळी घेत असेल तर त्याचे ठोके त्या गोळीने दाबून ठेवलेले असतात. सूत्राने काढलेल्या आकड्यापर्यंत त्याला पळवायला गेलात तर तुम्ही त्याला धोक्यात घालाल. तिथे आम्ही बोर्गची मोजपट्टी वापरतो. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ती बनवली. ६ ते २० आकडे, आणि रुग्णाने स्वतः सांगायचं की किती कष्ट पडताहेत. ६ पासून सुरुवात का? तर निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण ठोके मिळतात, म्हणून. मधुमेहाचं तसंच. ग्लिक्लाझाइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाआधी बघावीच लागते, नाहीतर मध्येच उतरते. डोळ्याच्या पडद्याला इजा असेल तर श्वास रोखून जड वजन उचलायला लावायचं नाही. पायाची संवेदना गेली असेल तर आधी बूट-मोजे काढून तळवे बघायचे. शरीररचना, बायोमेकॅनिक्स, ईसीजी वाचणं, औषधांचे परिणाम, वेदनाशास्त्र, माणसाची सवय कशी बदलते त्याचं मानसशास्त्र, हे सगळं यासाठी शिकवतात.

वर्गात शिकलेली एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला सांगते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जितकी घसरली होती, तितकी पुढच्या तीस वर्षांच्या वयाने घसरवली नव्हती. ‘आराम करा’ हा सल्ला आपल्या घराघरांत किती मायेने दिला जातो! तुमच्या वडिलांना नातीने रोज चालवलं, ते फार मोलाचं काम होतं.

फिजिओशी फरक: फिजिओ निदान करतो, हाताने उपचार करतो, ताजी दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस सांभाळतो. आम्ही निदान करत नाही, मसाज-मॅनिप्युलेशन करत नाही. आमचं काम लांबच्या पल्ल्याचं, महिनोन्‌महिने एकाच माणसासोबत चालणारं. फिजिओची नोंदणी सरकारी मंडळाकडे असते, आमची एसाकडे. लेकीला हात लावून दुखणं हलकं करण्यात आनंद वाटत असेल तर फिजिओ करू दे. माणसाला हळूहळू स्वतःच्या पायावर आणण्यात वाटत असेल तर हे. मान कशाला आहे यावरून ठरवू नका.

क्लिनिकमध्ये मला आपल्या भाषेचा उपयोग होतो, तेही सांगते. मधुमेह असलेल्या काकू येतात आणि म्हणतात, ‘अगं, दिवसभर घरात कामच करते की.’ त्यांना ‘आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम’ सांगून काही होत नाही. मी विचारते, देवासमोर खाली बसून उठताना कशाला धरता? बहुतेक जणी भिंतीला किंवा खुर्चीला धरत असतात. मग ध्येय ठरतं: न धरता उठायचं. खुर्चीतून उठ-बस, पायरी चढणं, पिठाची पिशवी जमिनीवरून उचलणं. मांडीचा स्नायू काम करताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतो, हे मराठीत समजावलं की त्यांना पटतं. इंग्रजीत सांगितलेलं त्या नुसतं मान हलवून ऐकतात.

नोकऱ्या आहेत, पण त्यांची वाटणी समान नाही. रुग्णालयातली पदं कमी आणि त्यासाठी चुरस खूप. बहुतेक नवे लोक खासगी क्लिनिकमध्ये लागतात. तिथे रुग्ण येतात ते जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, जुनाट आजारासाठी आखलेल्या योजनेतून, एनडीआयएस या अपंगांसाठीच्या सरकारी योजनेतून, माजी सैनिकांच्या खात्याकडून किंवा कामावर इजा झाली म्हणून विमा कंपनीकडून. क्वीन्सलंडच्या सरकारी रुग्णालयांत आम्ही आणि फिजिओ एकाच ‘हेल्थ प्रॅक्टिशनर’ वेतनश्रेणीत येतो. खासगीत मात्र फिजिओला दर जास्त मिळतो, हे लेकीला आधीच माहीत असू द्या.

मला मनापासून खटकतं ते हे: जीपीच्या योजनेत मेडिकेअर वर्षाला एकूण पाच भेटींचे पैसे देते, आणि त्या पाचांत पायाचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ सगळेच आले. पाच भेटींत कोणाचं तीस वर्षांचं शरीर बदलत नाही. टाइप २ मधुमेहासाठी आठ गट-सत्रं वेगळी मिळतात, ती पुष्कळ रुग्णांना ठाऊकच नसतात. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर जीपीला स्वतःहून विचारा.

आणि पुढे काय होऊ घातलंय ते बघा. २०१८ साली इथल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगितलं की व्यायाम हा कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांचा भाग असला पाहिजे. २०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचे निकाल आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, शस्त्रक्रिया आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजार न उलटता जगत असलेल्यांचं प्रमाण व्यायाम गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७४. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर पहिल्या पानावर बातमी आली असती. तुमची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा हे काम करणारी माणसं लागणार आहेत.

पर्थचे_काका

ब्रिस्बेनच्या ताईंनी कर्करोगाचं लिहिलं म्हणून माझं सांगतो. मला प्रोस्टेटचा कर्करोग. हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं चालू आहेत. त्यांनी आजार आवरतो, पण स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. पोट वाढलं, जिना चढताना दम लागायला लागला. इथल्या एडिथ कोवन विद्यापीठात नेमकं यावरच बरंच संशोधन झालंय, हे मला माझ्या डॉक्टरांकडून कळलं.

जी मुलगी मला व्यायाम देते ती माझ्या नातीएवढी दिसते. पण माझी हाडं कुठे कमकुवत आहेत ते रिपोर्टवरून बघून तिने व्यायाम बदलले. वजनं उचलायला लावली. या वयात वजनं! आता बागेतली मातीची पोती मी स्वतः हलवतो. गटात आम्ही सगळे एकाच दुखण्याचे. बायकोशीही न बोललेल्या गोष्टी तिथे बोलतो. ताई, तुमच्या मुलीला माझ्याकडून आशीर्वाद सांगा.

मृदुंग८

मी तीन वर्षांची एक्सरसाईज अँड स्पोर्ट सायन्स केली आहे, अॅडलेडमध्ये. दुसरी बाजूही कळावी म्हणून लिहितोय. त्या पदवीवर मला फुटबॉल क्लबमध्ये फिटनेसचं काम मिळालं, मग रुग्णालयात अलाइड हेल्थ असिस्टंट, म्हणजे थेरपिस्टांचा मदतनीस, झालो. काम आवडलं, पण निर्णय नेहमी दुसऱ्याचा. शेवटी दोन वर्षांचं ऑक्युपेशनल थेरपीचं मास्टर्स केलं. माझ्या वर्गातले कोणी फिजिओच्या मास्टर्सला गेले, कोणी डायटिशियन झाले, एकजण शाळेत पीई शिकवतो. म्हणजे तीन वर्षांची पदवी फुकट जात नाही, पायरी म्हणून उत्तम आहे. फक्त ती शेवटची पायरी समजून चढू नये. क्लिनिकलच हवं असेल तर चार वर्षांचंच घ्या.

बीपीटी_पुणे

ताई, मी पुण्यात बीपीटीच्या, म्हणजे फिजिओच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, पुढे इंटर्नशिपचे सहा महिने. मला कार्डिओ-रेस्पिरेटरीच आवडतं. तुमच्यासारखं काम करायचं असेल तर ऑस्ट्रेलियात हे मास्टर्स करू का? की इथेच एमपीटी, म्हणजे फिजिओचं मास्टर्स?

कराडची_ब्रिस्बेनला

@बीपीटी_पुणे, आधी कुठे राहायचंय ते ठरव, मग कोर्स. महाराष्ट्रात हृदय आणि फुप्फुसाचं पुनर्वसन फिजिओच चालवतात, एक्सरसाईज फिजिऑलॉजिस्ट म्हणून वेगळं पद रुग्णालयांत सहसा नसतं. पुण्यातच काम करायचं असेल तर कार्डिओ-रेस्पिरेटरी एमपीटी कर, त्यासाठी घरावर कर्ज काढून इथे येऊ नकोस. खेळाकडे ओढा असेल तर स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, तिथे फिजिऑलॉजीची पदं निघतात. इथेच स्थायिक व्हायचं असेल तर तू फिजिओ आहेस हे विसरू नकोस. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिलची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन फिजिओ म्हणूनच नोंदणी करता येते. आमचं मास्टर्स घ्यायचंच असेल तर आधी विद्यापीठाला तुझी विषयांची यादी पाठव. बीपीटीत व्यायाम शरीरक्रियाशास्त्र आणि बायोमेकॅनिक्सचे तास किती झालेत, ते बघूनच प्रवेश देतात.

@पर्थचे काका, तुमचं लिहिलेलं आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. नमस्कार.

टार्नीटची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आशीर्वाद पोचवला. आम्ही काल रात्री यादी उघडून बसलो. तिने लिहिलेल्या तीनपैकी दोन कोर्स तीन वर्षांचे, नुसत्या एक्सरसाईज सायन्सचे निघाले! आता क्रम बदलतोय.

दोन प्रश्न उरलेत. तिने केमिस्ट्री घेतलेली नाही, अडेल का? आणि प्लेसमेंट, म्हणजे कोर्समधलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, नक्की किती आणि कुठे?

कराडची_ब्रिस्बेनला

केमिस्ट्री कुठे सक्तीची, कुठे नाही, ते प्रत्येक कोर्सच्या पानावर बघा. सक्ती नसली तरी पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री तिला जड जाईल. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुट्टीत घरी थोडी तयारी करू दे, जमतं. ऑगस्टमध्ये ओपन डेला जाल तेव्हा शिक्षकांना भेटण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं गाठा आणि एकच विचारा: प्लेसमेंट विद्यापीठ शोधून देतं की तुम्हाला शोधावी लागते? उत्तरावरून कोर्सचा कस कळतो.

प्लेसमेंट एकूण किमान ५०० तास. त्यातले १४० निरोगी माणसांसोबत, ३६० रुग्णांसोबत. पगार नाही, आणि तो काळ हातातली अर्धवेळ नोकरी सांभाळून काढायचा असतो, तेव्हा घरून आधार लागेल. जागा कुठेही मिळू शकते. तुमच्याकडची मुलं दूरच्या बॅलराट, बेंडिगोलाही जातात, सकाळी सातला हजर राहायचं असतं. म्हणून गाडीच्या लायसन्सचं आत्ताच मनावर घ्या. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात वय एकविसाच्या आत असेल तर गाडी चालवण्याच्या सरावाची १२० तासांची लॉगबुक भरावी लागते. बारावीच्या वर्षात ती मागे पडते आणि मग आईवडिलांना पहाटे उठून सोडायला जावं लागतं.