मदत हवी आहे: भाड्याच्या गाडीचा व्हिनेट (महामार्गाचा टोल-पास) कधी काढायचा?
नमस्कार मंडळी. मी निपाणीचा. जूनमध्ये लेकीकडे म्युनिकला जातोय. तिथून भाड्याच्या गाडीने ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमार्गे स्लोव्हेनियातलं ल्युब्लियाना गाठायचा बेत आहे.

आपल्या कोगनोळी नाक्यावर फास्टॅग वाजला की सुटलो. तिकडं मुदतीचा व्हिनेट लागतो: ऑस्ट्रियाचा १ किंवा १० दिवसांचा, स्लोव्हेनियाचा आठवड्याचा. डिजिटल घेतला तर तो गाडीच्या नंबरावर. घोडं इथंच अडलंय, नंबर तर किल्ली हातात आल्यावरच कळणार! मग तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर काढला तर चालतो का, की सरहद्दीजवळच्या पंपावर घेऊ? वाटेतल्या ताउर्न आणि काराव्हांकन बोगद्यांचे पैसे वेगळे, ते आपल्या कार्डानं भरता येतात काय?

जावई म्हणतात, 'बघू तिथं.' तेच मला नकोय. हल्ली कुणी गेलं असेल तर सांगा की.