तातडीने मदत हवी आहे: वेळासला कमोड आणि खाट असलेलं घर

प्राजक्त
शनिवारी कोकणात वेळासला जायचं आहे, कासवांची पिल्लं बघायला. तीन घरांत फोन केले. दोघांकडे जागा नाही. तिसऱ्यांकडे आहे, पण संडास भारतीय आणि झोपायला खाली गाद्या. मला कमोड हवा आणि एक तरी खाट हवी. असं घर कुणाला माहीत असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कृपया लवकर, त्या तिसऱ्या घरी आजच होय-नाही कळवायचं आहे.

घाटमाथा
किती जण? कुठून निघणार? गाडी स्वतःची की एसटी? एक रात्र की दोन? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं तरी काय?

रानजाई
मी वेळासला तीनदा राहिले आहे. तिथे हॉटेल नाही, गावकरी राहत्या घरात जागा करून देतात. ओटीवर, माजघरात ओळीनं गाद्या पडतात, अनोळखी माणसं शेजारी झोपतात. ज्यांना खाट आणि कमोड लागतो त्यांनी खाडीपलीकडे हरिहरेश्वरला राहावं. घरगुती ठिकाणी जाऊन हॉटेलसारख्या मागण्या करणं मला पटत नाही. त्यातूनच मग गावोगाव सिमेंटच्या खोल्या उभ्या राहतात.

दर्यावर्दी
तारकर्लीला जा. रेल्वेनं कुडाळला उतरायचं, तिथून रिक्षा. खाट, कमोड, गरम पाणी सगळं मिळेल, समुद्र दारात आणि सुरमईचं ताट वेगळंच. आम्ही दरवर्षी जातो.

प्राजक्त
तारकर्लीबद्दल विचारलेलं नाही.
रानजाई, हौस म्हणून नाही मागत. बरोबर आई आहे, ७२ वर्षांची. ऑक्टोबरमध्ये तिचे दोन्ही गुडघे बदलले. उकिडवं बसायचं नाही, जमिनीवरून उठता येत नाही. तिनं ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू समुद्राकडे जाताना एकदा बघायचंय, असं ती ऑपरेशनच्या आधीपासून म्हणतेय. आम्ही चौघं, पुण्याहून, गाडी आपली, एकच रात्र.

रानजाई
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं हो. माझं बोलणं मागे घेते. पण संडासापेक्षा मोठा प्रश्न पुढे आहे: आई वाळूतून किती चालू शकतात? गाडी जिथे थांबते तिथून हॅचरीपर्यंत, म्हणजे कासवांची अंडी जपून ठेवतात त्या जागेपर्यंत, पायी जावं लागतं, आणि कोरड्या वाळूत पाय रुततो.

आंबेमोहोर
कमोडचं घर शोधत बसू नका. सर्जिकल सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची भाड्यानं मिळते. खालचं भांडं काढायचं आणि खुर्ची सरळ भारतीय संडासावर ठेवायची. सासूबाईंना घेऊन आम्ही दोन लग्नं आणि एक गाणगापूर असंच केलं. फक्त यजमानांकडून संडासाची आतली रुंदी मोजून घ्या, खुर्चीचे पाय बसले पाहिजेत. आणि कॅम्पची घडीची खाट अजिबात नेऊ नका. ती इतकी बुटकी असते की गुडघे बदललेल्या माणसाला तिच्यावरून उठताच येत नाही.

घाटमाथा
आता रस्ता. ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, वेळास. फेरीबोटीच्या भानगडीत पडू नका. शनिवारी रांगेत अडकलात तर संध्याकाळची पिल्लं बघायची वेळ हुकेल.

खाडीकाठ
घाटमाथा, मंडणगडपुढची वळणं तुम्ही कधी आजारी माणूस घेऊन केली आहेत का? माणगावहून म्हसळा, हरिहरेश्वर, बागमांडला असं यावं आणि फेरीनं वेशवीला उतरावं. गाडीसकट दहा-पंधरा मिनिटांत सावित्री नदीपार. तेवढ्यात पायही मोकळे होतात. पुढे बाणकोट आणि मग वेळास.

घाटमाथा
केली आहेत, वडिलांना घेऊन. सावकाश चालवलं की काही होत नाही.

दर्यावर्दी
वेळासला जेवणात मासे मिळतात का?

रानजाई
मी राहिले त्या घरांत शाकाहारीच होतं. पण उकडीचे मोदक आणि सोलकढी असताना मला तरी मासे आठवले नाहीत.

खाडीकाठ
मी पलीकडच्या गावचा, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, शनिवार सोडा. शनिवारी प्रत्येक घर भरलेलं असतं, मग यजमानीणबाईंनी मनात आणलं तरी खाटेला जागा कुठून काढणार? मंगळवार-बुधवारी तेच घर रिकामं असतं.
दुसरी, पिल्लं दिसतीलच असं कुणी सांगू शकत नाही. मादी रात्री येऊन शंभरावर अंडी घालते, ती काढून हॅचरीत पुरतात, आणि साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. ऊन वाढलं की थोडी लवकर. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास उचलून बघतात. खाली काही नसेल तर नसेल. म्हणून एक रात्र कमी पडते, दोन राहा. निघण्याआधी यजमानांना विचारा, कुठलं घरटं दिवसांत आलंय. गावात सगळ्यांना ते माहीत असतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ साली इथे काम सुरू केलं. त्याआधी हीच अंडी लोक काढून नेत.

आंबेमोहोर
घरून प्लॅस्टिकची हाताची खुर्ची न्या. दर पन्नास पावलांवर बसवा. चालायला ओल्या वाळूचा पट्टा धरा, काठीला खाली रुंद रबर लावा.

प्राजक्त
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या तिसऱ्या घरी परत फोन केला. आधी मी फक्त "खाट आहे का" विचारलं होतं, आईचं सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्या सासूबाईंची खाट माजघरात आहे, त्या येतील माझ्या खोलीत. आधी का नाही बोललात?" संडासाची रुंदी त्यांनी फोन चालू ठेवूनच टेपनं मोजून दिली, ३४ इंच. कमोड खुर्ची ठरवली आहे. आता मंगळवार-बुधवार अशा दोन रात्री. एक घरटं दिवसांत आलंय, असंही म्हणाल्या.
रस्ता फेरीचाच घेतोय. घाटमाथा, राग मानू नका. एकच राहिलं: फेरीवर आईला गाडीतच बसू दिलं तर चालेल का?

खाडीकाठ
बसू द्या, पण गाडी चढताना आणि उतरताना उतार असतो, तेव्हा पाठीला उशी द्या. मधे वाटलं तर उतरून कठड्याला धरून उभं राहता येईल. वरच्या मजल्यावर मात्र नेऊ नका, जिना उभा आहे.

दर्यावर्दी
मोदक आधी सांगून ठेवावे लागतात का?

रानजाई
हो, आदल्या दिवशी.