मदत हवी आहे: जुन्या येझदीचे नट-बोल्ट घरीच झिंक करावेत (म्हणजे जस्ताचा थर द्यावा) की प्लेटिंगवाल्याकडे द्यावेत?

येझदी_खानापूर

नमस्कार मंडळी. काकांची येझदी मोटरसायकल बांधायला घेतलीय. खानापूरकडचा पाऊस आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत, काय अवस्था असेल ते सांगायला नको. टाकी आणि मडगार्ड रंगवाल्याकडे गेलेत, इंजिन मिस्त्रीकडे आहे. घरात राहिलाय तो डालड्याच्या डब्यातला माल: नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, केबलचे ॲडजस्टर.

नवे का घालत नाही, असं मिस्त्रीपण विचारायलाय. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला. बाजारात मिळतात त्यांचं डोकं वेगळं, लांबी वेगळी, वर भलत्याच कंपनीचा शिक्का. आटे शाबूत असताना जुने भंगारात घालायला जीव होत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका ठिकाणी विचारून आलो. भाव किलोवर. पण "एवढासा माल वेगळा कोण करणार, मोठ्या लॉटबरोबर बॅरलमध्ये टाकतो" म्हणाला. म्हणजे माझा बोल्ट कुणाच्या तरी पंपात जाऊन बसणार! दुसरीकडे व्हिडिओत लोक व्हिनेगरच्या बरणीत चकाचक बोल्ट काढून दाखवायलेत. ते पावसात टिकतं का? आणि ब्रेकचे, चाकाचे बोल्ट असे घरी केलेले चालतील का?

उद्यमबाग_क्यूसी

प्लेटिंगचा माल तपासणं हेच माझं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

बॅरल म्हणजे भोकांचा फिरता ड्रम. बारीक माल त्यात एकमेकांवर घासत फिरतो, म्हणून थर सगळीकडे बऱ्यापैकी सारखा बसतो. हरवायची भीती असेल तर बोल्ट तांब्याच्या तारेत ओवून माळ करून द्या आणि "हँगिंगला लावा", म्हणजे ड्रमात न टाकता टांगून करा, म्हणून सांगा. देण्याआधी सगळा माल वर्तमानपत्रावर मांडून मोबाइलवर फोटो काढा. गंज, ग्रीस, रंग आपणच साफ करून नेलात की प्लेटिंगवालाही कुरकुरत नाही. नाहीतर तो माल ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवतो, आणि खरी गोम तिथंच आहे.

ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीतही हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो. बोल्ट वरून नवा दिसतो, आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं तुटून हातात येतं. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा असतो, जितका मोठा तितकं पोलाद कडक. 8.8 असेल तर सहसा काळजी नाही. 10.9 पासून पुढं सावध राहायचं आणि 12.9 ला तर हातच लावायचा नाही. कारखान्यात असा माल प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालतात, 190 ते 220 अंशांवर कित्येक तास. पॅसिव्हेशनचा, म्हणजे झिंक टिकावं म्हणून वरून देतात त्या द्रावणाचा, रंग त्यानंतर. स्प्रिंगांनाही हाच धोका. त्या साफ करून तेल लावा किंवा नव्या घ्या.

निपाणीकर

मी घरी करतो, टिकतं. पण व्हिडिओत अर्धंच दाखवतात.

गंजासाठी ॲसिड कशाला ओ? आपल्याकडे गुऱ्हाळं आहेत. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, बादलीत बोल्ट टाकून आठवडा-दोन आठवडे विसरा. गंज सुटतो, खालचं लोखंड तसंच राहतं. वास मात्र असा सुटतो की घरातले बादलीसकट तुम्हाला बाहेर काढतील. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, खाऊन टाकतं.

पुढं पांढरं व्हिनेगर, त्यात एप्सम सॉल्ट आणि थोडी साखर. झिंकचा पत्रा प्लसला, बोल्ट मायनसला. मोबाइलचा चार्जर नको, करंट कमी-जास्त करता येणारा सप्लाय घ्या. शंभर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 अँपिअर. एम-8 चा (8 मिलिमीटर जाडीचा) दीड इंची बोल्ट म्हणजे वीसेक चौरस सेंटिमीटर, त्याला 0.2 अँपिअर पुष्कळ. घाईनं करंट वाढवला की आट्यांच्या टोकांवर काळी भुकटी बसते आणि बोटानं निघते. या हिशेबानं अर्ध्या तासात सात-आठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर येतो. मधून मधून बोल्ट फिरवत राहा, पत्र्याकडची बाजूच जास्त धरते.

तुमच्या पावसाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पॅसिव्हेशनमध्ये आहे. नुसतं झिंक आपल्या जून-जुलैत पांढरी पूड धरतं. निळसर झाक देणारं ट्रायव्हॅलंट द्रावण तयार मिळतं, ते वापरा. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या द्रावणात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, त्यानं कॅन्सर होतो. पिवळंच हवं असेल तर प्लेटिंगवाल्याकडे जा.

येझदी_खानापूर

दोघांचेही आभार. क्यूसी दादा, डोक्यावर आकडाच नसला तर? माझ्या निम्म्या बोल्टांवर काही नाही. आणि झिंक चढल्यावर नट बसेल का?

उद्यमबाग_क्यूसी

आकडा नाही म्हणजे मऊ असेल असं धरू नका. चाकाचा ॲक्सल, ब्रेकची अँकर, हँडल, फूटरेस्ट इथं नवा, आकडा असलेला बोल्ट घाला. शिक्का वेगळा दिसला तर दिसू दे की. साइड कव्हर, मडगार्ड, चेनकव्हर, नंबरप्लेट यांना तुमचे जुने बिनधास्त झिंक करा.

बसण्याचं म्हणाल तर आट्यांना दोन्ही बाजूंनी आणि तिरका थर चढतो, म्हणून पिच डायमीटर, म्हणजे आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास, थराच्या चौपट वाढतो. 8 मायक्रॉनला 32. जुन्या, घासलेल्या आट्यांना ते पचतं. 15-20 मायक्रॉन मारून आणलंत तर नट हातानं फिरणार नाही. म्हणून "जाड मारा" असं प्लेटिंगवाल्याला चुकूनही सांगू नका.

निपाणीकर

नटाच्या आतल्या आट्यांत घरच्या बरणीत झिंक जवळजवळ जात नाही. तिथं ग्रीसचं बोट फिरवा आणि बसवा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून "साफ" करत बसू नका, कडेचं झिंकही निघून जाईल. आणि हो, बरणीतलं वापरलेलं द्रावण परसातल्या आडाजवळ ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा. पुढच्या खेपेला तेच चालतं.

येझदी_खानापूर

ठरलं मग. कव्हर-मडगार्डचे घरी, ॲक्सल-ब्रेकला नवे. साइड स्टँडची पिन आणि मोठे क्लॅम्प माझ्या बरणीत मावत नाहीत, ते तारेत ओवून उद्यमबागेत देतो. निपाणीकर, झिंकचा पत्रा कुठून आणता? जुन्या टॉर्चच्या सेलची टरफलं चालतात का?

निपाणीकर

साध्या कार्बन-झिंक सेलची चालतात, अल्कलाइनची नाहीत. फोडताना हातमोजे घाला, आतली काळी पूड नीट धुऊन काढा. पण प्लेटिंगवाल्याकडे जाणारच आहात, तर त्याच्याच टाकीतला झिजलेला अ‍ॅनोडचा (प्लसला लावलेल्या झिंकचा) तुकडा मागा. भंगाराच्या भावात देतो.