प्रतिसाद: हे मिश्रण ओकिनावात रोजच्या ताटात आहे

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकन-जपानी पदार्थांचं मिश्रण ही न्यूयॉर्कच्या महागड्या हॉटेलांची नवी टूम आहे. मला हे अजिबात पटलं नाही. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर हे साधंसुधं, पोटभरीचं जेवण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. त्या काळात स्पॅम हे डबाबंद मांस आलं आणि थेट कारल्याच्या चांपुरूत, म्हणजे तिथल्या परतलेल्या भाजीत, जाऊन बसलं. टाको राईस त्यामानाने अलीकडचा, १९८४ चा. किन गावात, कॅम्प हॅन्सन या लष्करी तळाच्या दाराशी असलेल्या छोट्या खानावळीत सैनिकांसाठी टाकोचं (घडी घातलेल्या मेक्सिकन पोळीचं) सारण भातावर घालून द्यायला लागले.

मी तो ओकिनावाची राजधानी नाहाच्या एका गल्लीत खाल्ला. जेमतेम आठ खुर्च्या, ओट्यापलीकडे एकट्या काकू. वाफाळता चिकट भात, त्यावर खिमा, किसलेलं चीज, गार लेट्यूस, टोमॅटो. मी सवयीने कालवायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. चमचा वरून थेट तळापर्यंत घालायचा. मग एकाच घासात वितळलेलं चीजही येतं आणि लेट्यूसचा कुरकुरीतपणाही. काय सुख होतं ते!

जाल तेव्हा चांपुरूही नक्की मागवा. स्पॅम डुकराच्या मांसाचं असतं, चालत नसेल तर आधीच सांगा.