यात्रेतला एक दिवस गावच्या मजूर कवीचा ठेवावा का?

राधानगरीकर : इंग्लंडात हेल्पस्टन नावाचं खेडं आहे. जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा कवी तिथला. शेतमजुराचा पोरगा आणि स्वतःही मजूर. गावची मोकळी कुरणं कुंपणं घालून खाजगी झाली, ते दुःख त्यानं कवितेत मांडलं. दर जुलैत, त्याच्या जन्मदिवसाच्या सुमारास, तिथं उत्सव भरतो. शाळेची पोरं हिरवळीच्या तुकड्यांत रानफुलं खोवून त्याच्या कबरीभोवती मांडतात. आपल्या भागातही दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून रात्री कवनं रचणारे होऊन गेले. यात्रेतला एक दिवस त्यांच्या नावानं ठेवावा, असं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार आहे. विरोध असेल तर आत्ताच बोला.

कागलकर : माझा विरोध आहे. क्लेअरचं पुढचंही सांगा की. १८२०ला पहिला संग्रह आला, लंडननं त्याला डोक्यावर घेतलं, मग विसरलं. शेवटची वीसहून जास्त वर्षं मनोरुग्णालयात गेली. मेल्यावर फुलं वाहून काय उपयोग? आपल्याकडं तर फुलंही पुढाऱ्यालाच मिळतात. डिजिटल फलक, हार, सत्कार यातच दोन तास जातात आणि कवन म्हणायला दहा मिनिटं उरतात. तीच वर्गणी आज हयात असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराच्या औषधपाण्याला द्या.

गारगोटीची लेक : दादा, उत्सव व्हावा, पण नाव कुणाचं देणार? भांगलताना, जात्यावर बायकांनी रचलेल्या ओव्यांना धनीच नाही. फलकावर नाव येणार ते पुरुषाचंच. आणि ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत गाणारी माणसं नसतात का? यात्रा चैत्रात, तोवर बहुतेक टोळ्या गावाकडं परतलेल्या असतात. त्यांना ऐकायचं असेल तर दिवस गळीत हंगामातला धरा. आणि आधी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आमच्या आळीतल्या जुन्या बायका एकेक करून चालल्या आहेत.

डफवाला : रेकॉर्डिंग करा, न्हाई कोण म्हणतंय? पण भेदिक, म्हंजी सवाल-जवाबाची शाहिरी, अशी कपाटात जगत न्हाई वं. कलगीवाल्यानं शक्ती थोर म्हणायचं, तुरेवाल्यानं शिव थोर म्हणायचं, आन् रात्रभर सवाल-जवाब. समोर माणसं बसल्याबिगर शाहिराला उत्तर सुचतंय व्हय? कागलकरभाऊ, औषधाला पैसं द्याच, पण त्याला फडबी द्या. म्हाताऱ्याला खोकल्यापरास गप बसायचा त्रास जास्त हाय.

राधानगरीकर : ताईंचा मुद्दा मी धरला नव्हता, तो महत्त्वाचा आहे. एकाचंच नाव नको. दिवसही हंगामात, जानेवारीत धरू. पण उत्सवच नको, हे मला पटत नाही. शाळेतल्या पोरांना सिनेमाची गाणी तोंडपाठ आहेत, आणि आपल्या आजीनं रचलेली एक ओवी येत नाही. एका वर्गानं वर्षाला चार ओव्या घरून पाठ करून आणल्या, तरी मला हा खटाटोप मोलाचा वाटतो.

पंचगंगाकाठ : क्लेअर कुरणासाठी रडला, म्हणून एक विचारतो. आपल्या गायरानावर कवन म्हटलेलं मंचावर चालेल का? अतिक्रमण करणारेच वर्गणीदार असले तर? चालणार नसेल तर त्याचं नाव घेऊ नका.

राधानगरीकर : चाललं पाहिजे. कवन आधी कुणाला दाखवायचं नाही, ही अट ठरावातच घालतो.

कागलकर : मग त्याच ठरावात लिहा : सत्कार एकाचाही नाही, आणि निम्मी वर्गणी हयात कलावंतांना. एवढं असेल तर मी गप्प बसेन. नाहीतर ग्रामसभेत विरोधात हात वर करणार.

डफवाला : निम्मी जास्त हुतीया भाऊ. मांडव, लाईट कशातनं करायचं?